पिप्याच्या आवाजाखाली

जंगलू म्हातारा कुणाचं ऐकेल तर शपथ. गेल्या वर्षी शेतातल्या मचाणावरून पडून मनगट मोडून घेतलं, तरी यंदा धान निसवून लोंब्या आल्या आणि गडी दिवेलागणीला पुन्हा निघाला रानडुकरांपासून शेत राखायला. एका हातात तेलाचा रिकामा पिपा, दुसऱ्यात तो बडवायला दांडकं. सून दुर्गा रोज वाद घालायची आणि रोज हरायची. तिचा नवरा रूपेश हैदराबादला कामाला. म्हातारा पुन्हा पडला तर झोपलेल्या घराला सकाळपर्यंत कळणारही नाही, या धास्तीने तिला घास गोड लागत नव्हता.

शेवटी तिने डुकरं पळवणारा भोंगा आणला. त्याच्या मेमरी कार्डात कुत्र्यांचं भुंकणं आणि बंदुकीचे बार होते. डुकरं चार दिवस बिचकली. पाचव्या दिवशी भोंग्याच्याच खांबाला अंग घासून गेली. जंगलूला कोण आनंद झाला! डुकरं फक्त आपल्या आवाजाला भितात, हे त्याने तिला दोनदा ऐकवलं.

मग त्याचाच आवाज भोंग्यात घालायचा, असं दुर्गाने ठरवलं. सांगितलं असतं तर त्याने मुद्दाम तोंड उघडलं नसतं. म्हणून एका संध्याकाळी तिने फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो गुपचूप मचाणाच्या खांबाला बांधला.

दुसऱ्या दिवशी ती देवरीला अल्काच्या मोबाइलच्या दुकानात गेली. फोनमधली फाइल भोंग्याला चालत नव्हती, ती अल्काने एमपीथ्री करून दिली. पिप्याचा दणदणाट आणि म्हाताऱ्याची आरोळी ऐकून दोघी हसल्या. पण दणदणाटाखाली तो सारखं काहीतरी पुटपुटत होता. काय ते कळेना.

अल्का म्हणाली, ही गाण्याच्या फॉरमॅटमध्ये आहे, यात सगळंच राहतं. आवाज साफ करून बोलण्याच्या फॉरमॅटमध्ये टाकली, तर माणसाचा आवाज तेवढा उरेल. तिने तसं केलं. पिपा पार दबला आणि जंगलू शेजारी बसल्यासारखा बोलू लागला.

"रुखमे, जेवलो मी. दुर्गानं वांग्याची भाजी करून देल्ली. चांगली पोरगी हाये, पण मले इकडं येऊ नाई देत. मी नाई आलो तं तू एकटी कशी रायशील?"

रुख्माबाई म्हणजे दुर्गाची सासू. दोन वर्षांपूर्वी तिला त्याच शेताच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली पुरलं होतं. चाळीस वर्षं दोघांनी मिळून तिथे राखण केली होती. आणि आपण याला हट्ट म्हणत होतो! दुर्गाला स्वतःची लाज वाटली. ती दुकानातल्या स्टुलावर बसून रडली. अल्का कुणी न मागितलेला चार्जर शोधत राहिली.

थोड्या वेळाने दुर्गाने दोन्ही फाइली कार्डात भरायला सांगितल्या. बोलण्याची फाइल पुन्हा एमपीथ्री करावी लागेल, पण गेलेला पिपा काही परत यायचा नाही, असं अल्काने बजावलं. दुर्गा म्हणाली, नको येऊ दे.

संध्याकाळी जंगलू निघालाच होता, तेवढ्यात घरामागच्या शेतात दुर्गाने लावून ठेवलेला भोंगा वाजला. आधी पिपा आणि आरोळी. म्हातारा चमकला. मग त्याचाच खालचा आवाज धानाच्या बांधीवरून आला, रुखमे, जेवलो मी. तो अंगणात होता तिथेच थांबला.

"मामाजी, मी चोरून भरलं," दुर्गा म्हणाली. "रागवा मले."

तो रागावला नाही. सगळं पुन्हा एकदा वाजून होईपर्यंत उभा राहिला.

"रातभर वाजते काय हे?"

"रातभर, मामाजी."

"मोहापर्यंत आयकू जाते?"

"जाते."

जंगलूने पिपा हळूच ओट्यावर ठेवला.

"मंग वाढ मले," तो म्हणाला. "आज घरीच जेवतो."