अंगाला बसणारी गिटार

सत्यशीलाबाईंनी गिटार हातात घेतली तेव्हा त्यांना पंचेचाळिसावं लागलं होतं. चौसाळ्यात हे कुणाला खरं वाटलं नसतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. मुलगा विजयसिंह नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची गिटार कपाटावर पडून राहिली. एकदा धूळ पुसताना फडकं तारांवरून फिरलं, तारा झणाणल्या, आणि बाई फडकं हातात धरून तिथेच पलंगावर बसल्या. त्या दिवशी दुपारचं वरण करपलं.

पुढची दोन वर्षं त्या मोबाईलवर बघून शिकल्या. नवरा अर्जुनराव राजकारणातला माणूस, सकाळपासून ओसरीवर लोकांच्या गराड्यात. आतून येणारा आवाज रेडिओचा आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

पहिल्यांदा कळलं ते साखराबाईला. साखराबाईच्या मेंढ्या गेली वीस वर्षं यांच्या रानात बसायला येत, आणि त्या वीस वर्षांत दोघींचं इतकं जमलं होतं की एकीच्या तोंडातलं वाक्य दुसरीच पुरं करायची. साखराबाई गावातल्या महिला भजनी मंडळात गायची. गळा असा, की एका टेकडीवरून हाक मारली तर दुसऱ्या टेकडीवरची मेंढी मान वर करायची. तिनंच आग्रह करून वैनींना, म्हणजे सत्यशीलाबाईंना, गिटारसकट मंडळात नेलं, आणि बाकीच्या बाया ओसरीवर काही कळू देणार नाहीत याची हमीही तिनंच घेतली. पण तिच्या गळ्यापुढं, ढोलकीपुढं आणि बारा जणींच्या टाळांपुढं गिटार कुणाला ऐकूच येईना.

"वैनी," तिसऱ्या दिवशी साखराबाई म्हणाली, "तुमी वाजवताय का नुसती बोटं हालवताय?"

"वाजवतेय गं!"

"मंग मला कावून ऐकू येत न्हाई?"

वर आणखी एक अडचण होती. ती गिटार पोकळ, फुगीर पोटाची. उजवा हात तिच्यावरून पलीकडं टाकला की काखेत रुतायची आणि अर्ध्या तासात दंडाला मुंग्या यायच्या. म्हणून दोघींनी ठरवलं की आता विजेवरची घ्यायची, भरीव लाकडाची, चपटी. मंडळाच्या नवरात्रातल्या भजनांना दहा दिवस उरले होते. सोमवारी सकाळी अर्जुनराव बैठकीला बाहेर पडले, आणि या दोघी बीडच्या गाडीत बसल्या. शाळा बुडवून निघाल्यासारख्या वाटभर उगीचच खिदळत होत्या.

दुकान बाजारातल्या एका बोळात होतं. पुढं ढोलक्या, हलग्या, हार्मोनियम आणि आत भिंतीवर टांगलेल्या गिटारी. मालक हरिओम, तिशीचा, केस मानेवर बांधलेले. त्यानं दोघींना बघून हार्मोनियमवरचं कापड काढलं.

"या काकू. पेटी बघायची ना?"

"गिटार," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "विजेवरची."

"मुलासाठी?"

"ह्यांच्यासाठी," साखराबाई म्हणाली आणि वैनींच्या पाठीत अशी थाप मारली की त्या दोन पावलं पुढं गेल्या.

हरिओमनं क्षणभर दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. मग भिंतीवरून एक गुलाबी, लहानशी गिटार काढली. लेडीज लोकांना हीच चालते, म्हणाला. बाईंनी ती मांडीवर घेतली. दिसायला गोड होती, पण तिची मान, म्हणजे तारा दाबायची दांडी, इतकी आखूड की बाईंची लांब बोटं एकमेकींवर चढायला लागली. तीन बोटांची जागा, त्यात चौथं बोट कुठं ठेवावं? भाऊबिजेला पाहुणे वाढल्यावर एका गादीवर पाच जणांना निजवतात, तसं झालं.

"ही न्हाई," साखराबाईनं परस्पर निकाल दिला.

मग हरिओमला हुरूप आला. त्यानं आपली लाडकी काढली. काळी कुळकुळीत, दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर आलेली, जणू आभाळातून वीजच पडली आहे. स्वतःच गळ्यात घातली, अ‍ॅम्प नावाचं ते आवाजाचं खोकं चालू केलं, सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि डोळे मिटून असा काही वाजवत सुटला की समोरचा चहावाला पातेलं हातात घेऊन बघायला आला. सत्यशीलाबाई हरखून गेल्या. अंगावर काटाच आला त्यांच्या.

"कशी वाटली?"

"लई भारी!" त्या बोलून गेल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण हे तर तू भारी वाजवलंस. गिटारीचं मला काय कळलं?"

 हरिओमनं गिटार त्यांच्या हाती दिली. बाई स्टुलावर बसल्या, तर टोकदार लाकूड मांडीवरून घसरायला लागलं. आवळून धरली, तर एक टोक बरगडीत रुतलं. "उभं राहून घ्या," हरिओम म्हणाला. पट्टा खांद्यावर टाकून उभ्या राहिल्या.

"आता दोनी हात सोडा," साखराबाई म्हणाली.

"कशाला?"

"सोडा तर. जनावर घेताना आमी दावं ढिलं करून बघतो. कुठं वढतंय ते कळतं."

बाईंनी हात सोडले. गिटारीची मान सरळ जमिनीकडं झुकली. म्हणजे वाजवताना डाव्या हातानं सूर धरायचा की तिला सावरायचं? हरिओमचा हात आपल्या डाव्या मनगटाकडं गेला. तीन वर्षं तो हीच गिटार वाजवून गिऱ्हाइकांना दाखवत होता, आणि तीन वर्षं त्याचं डावं मनगट दुखत होतं.

तिसरी आली ती तपकिरी, चकचकीत, जुन्या फर्निचरसारखी देखणी. तिची मान झुकली नाही, पण वजन असं की पट्टा डाव्या खांद्यात शिरला. पाच मिनिटांत खांदा बोलायला लागला. नवरात्रात दोन-दोन तास उभं राहायचं. बाईंनी मन घट्ट करून तीही परत केली. ती परत करताना मात्र त्यांना थोडं वाईट वाटलं. दिसायला फार सुंदर होती.

तेवढ्यात फोन वाजला. अर्जुनराव.

"कुठं आहेस?"

"बीडला. लाकूड बघतेय," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"कशाचं लाकूड? चौकटीचं?"

"भरीव आहे," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. साखराबाई पदर तोंडात कोंबून ढोलक्यांच्या मागं बसली ती हसू आवरेपर्यंत उठलीच नाही.

आणि लाईट गेली.

पंखा गरगरत थांबला. हरिओमनं हात वर केले. "आता चार वाजेपर्यंत काही येत नाही. विजेवरची गिटार बिनविजेची काय ऐकवू तुम्हाला? चहा घ्या, उद्या या."

बाईंना उद्या येणं जमणार नव्हतं. रोजरोज कुठलं लाकूड बघणार? त्यांनी भिंतीकडं नजर टाकली. सगळ्यात वर, धूळ खात, फिक्या पिस्ता रंगाची एक साधी गिटार टांगलेली होती. कोपऱ्यावरचा रंग टवका उडून गेलेला.

"ती दे."

"ती कुणी घेत नाही काकू. ओल्ड मॉडेल आहे."

"दे तरी. आवाज नसू दे."

हरिओमनं शिडी लावून ती काढली, पुसली, सवयीनं तिला अ‍ॅम्पची वायरही जोडली. बाईंनी ती मांडीवर घेतली. मागच्या बाजूला पोटाच्या जागी लाकूड खोलगट तासलेलं होतं. निऱ्यांच्या जाड घडीला ते बरोबर चिकटून बसलं. पुढं हात टेकायची कडा उतरती होती. बांगड्या तिच्यावरून सरकून कडेला जाऊन निवांत बसल्या, तारांत अडकल्या नाहीत. मंगळसूत्र लाकडावर खटखटत होतं, ते त्यांनी पाठीवर टाकलं. डाव्या हाताची मूठ मानेभोवती वळवली. अंगठा जिथं जायला हवा तिथं न सांगता गेला.

त्यांनी एक तार छेडली. बारीक, चमचा वाटीवर आपटावा तेवढाच आवाज. पण तो आवाज कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू आला. लाकूड थरथरत होतं.

"साखरा, इथं हात लाव."

साखराबाईनं तळवा लाकडावर ठेवला. मग वाकून कानच टेकवला. "आगं बया," ती कुजबुजली. तिचं कुजबुजणंही चहावाल्याला ऐकू गेलं. "आत कायतरी जितं हाय."

हरिओमला राहवेना. त्यानं तपकिरी गिटार काढली, तार छेडली, साखराबाईचा तळवा तिच्यावर ठेवला. काही नाही. काळीवर ठेवला. जेमतेम. परत पिस्तावर ठेवला, आणि साखराबाई गुदगुल्या झाल्यासारखी ओरडली. हरिओमनं मग स्वतःचा कान लावला आणि बराच वेळ काढला नाही. 

बाई उभ्या राहिल्या. पट्टा घातला. हात सोडले. गिटार जागची हलली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली, खांदा काही बोलला नाही. त्या एकेक सूर तपासत मानेवर चढत गेल्या. मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीपाशी एक तार करकरली आणि एका पट्टीचं टोक बोटाला बोचलं.

"हे घासून द्यावं लागेल. आणि ही तार इथं अडते."

"देतो काकू," हरिओम म्हणाला. आता तो 'लेडीज' वगैरे काही बोलत नव्हता.

ढोलकीची वादी आवळून घ्यायला धर्मराज नावाचा एक वादक मघापासून दारात बसला होता. शांत दुकानात ती बारीक किणकिण ऐकून त्यानं मांडीवरच्या ढोलकीवर नुसत्या बोटांनी ठेका धरला, हलका, गिटार बुडणार नाही असा. आणि साखराबाईला ठेका ऐकून गप्प बसता आलं असतं, तर ती साखराबाई कसली?

"माझी मेंढी गं माळाला, तिला वाऱ्याचं पांघरूण," तिनं उचललं. "तिच्या गळ्यात घुंगरू, त्याला आभाळाचं आंदण..."

झालं, गिटार बुडाली. पण बाईंना आता ती बरगड्यांतून ऐकू येत होती. त्या वाजवत राहिल्या. दारात माणसं जमली. भाजीवाली आली, तिच्यामागं शेळी आली. चहावाल्यानं पातेल्यावर झारा वाजवायला सुरुवात केली. हरिओमनं हलगी घेतली. बाईंना वाटलं, आपलं वय, आपलं घराणं, ओसरीवरची माणसं, सगळं कुणीतरी शिडी लावून वर टांगून ठेवलंय. त्यांनी उजवा हात डोक्याइतका वर नेला आणि सहाही तारांवर एकदम खाली आणला.

नेमकी तेव्हा लाईट आली.

अ‍ॅम्पची सगळी बटणं सकाळपासून शेवटपर्यंत फिरवलेली होती. जो आवाज झाला त्यानं कपाटाच्या काचा थरथरल्या, शेळी उडी मारून हार्मोनियमवर चढली, धर्मराजनं ढोलकी कवटाळली. आणि साखराबाई, जिला आजवर कुठल्याही आवाजानं गप्प केलं नव्हतं, ती 'आभाळा'वर तोंड उघडं टाकून थांबली.

दुकानात एक क्षण फक्त त्या सुराची घरघर उरली.

"वैनी," साखराबाई म्हणाली, "आता ऐकू आलं."

मग जे हसू फुटलं ते कुणालाच आवरेना. हरिओमनं डोळे पुसत बटणं उतरवली. पण सत्यशीलाबाई हसता हसता भानावर आल्या. अजून एक बघायचं राहिलं होतं. "साखरा, परत गा. मोठ्यानं. आणि हरिओम, तू आवाज हळूहळू वाढव, मी सांगते तिथं थांब." साखराबाई गायली. बाईंनी साध्या, स्वच्छ सुरात साथ धरली. एका जागी दोन्ही आवाज शेजारी शेजारी येऊन उभे राहिले, कुणी कुणाला ढकललं नाही. "बास," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडावरचं हसू मात्र हलत नव्हतं. दोन वर्षांत त्यांनी स्वतःला माणसांत पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पट्टी घासून, तारा बसवून होईपर्यंत चार वाजले. गाडीत गिटारीला खिडकीची जागा मिळाली. अ‍ॅम्प साखराबाईनं मांडीवर घेतला, कोकरू घ्यावं तसा, आणि चौसाळ्यापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

घरी ओसरीवर अर्जुनराव चार माणसांत बसले होते. बाईंनी ठरवलं होतं की मागच्या दारानं जायचं. पण पाय पुढच्याच दाराकडं वळले.

"आणलं का लाकूड?" अर्जुनरावांनी विचारलं.

"आणलं," म्हणत बाईंनी पिशवीची चेन ओढली, पट्टा खांद्यावर टाकला. साखराबाईनं वायर लावली, ओसरीवरच्या बोर्डात पिन खोचली. कुणी काही बोलायच्या आत बाईंनी वाजवायला सुरुवात केली.  वाजवून झालं तेव्हा चारही माणसं अर्जुनरावांच्या तोंडाकडं बघत होती. ते काय म्हणतात त्यावर आपण काय म्हणायचं, हे त्या चौघांचं ठरणार होतं.

अर्जुनराव उठले, जवळ आले. "म्हणजे तो रेडिओ..."

"मीच."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

त्यांनी डोकं खाजवलं. मग एखाद्या पोरानं मागावं तसं म्हणाले, "बघू, मला घालून बघू दे." बाईंनी पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. गिटार त्यांच्या पोटावर जाऊन आडवी पडली आणि तारा आभाळाकडं बघायला लागल्या. त्यांनी ती इकडून तिकडून सारखी केली, पण ती काही बसेना.

"मला न्हाई बसत ही."

"तुमच्यासाठी घेतलीच नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

सगळ्यांत आधी अर्जुनरावच हसले. त्यांनी गिटार दोन्ही हातांनी जपून उतरवून परत दिली, खुर्ची ओढून समोर बसले आणि आलेल्या माणसांना म्हणाले, "बैठक उद्या घेऊ. साखराबाई, तुमी बी म्हणा की."