उजव्या टाचेची खूण

"आवळ लेका, अजून आवळ!" गुडघ्याचा पट्टा माझ्या हाती देत विल्फ म्हणाला. "तो पोरसवदा निर्माता टपूनच बसलाय. मला म्हणतो, 'मिस्टर टॅटरसॉल, एकसष्टाव्या वर्षी पडणं झेपतं का?' आज चुकलो की घरी बसलो म्हणून समज."

"चुकशील कसा? मी आहे ना!"

ही फुशारकी नव्हे. मँचेस्टरच्या त्या टीव्ही स्टुडिओत माझ्याइतका नेमका ड्रम वाजवणारा दुसरा नव्हता. दर शनिवारच्या विनोदी कार्यक्रमात विल्फ वेटर व्हायचा आणि बशांची चळत घेऊन वॉल्ट्झच्या तालावर घसरत, पडत जायचा. तो आपटला की 'धडाम' माझं. पडण्याआधी तो उजवी टाच किंचित उचलायचा, तेवढीच खूण. समोरच्या कागदावर लिहिलेलं संगीत मी कधी पाहिलंच नाही, टाच पाहिली. नाट्यगृहांतल्या दिवसांपासून धरली तर सव्वीस वर्षं.

त्या शनिवारी, थेट प्रक्षेपण चालू असताना, विल्फ भलत्याच ठिकाणी पडला. टाच उचललीच नव्हती. शेवटी फुटायच्या बशा मध्येच फुटल्या.

मी गप्प राहिलो असतो तर म्हातारा खरंच पडलाय हे देशभर कळलं असतं. मी झांज हाणली. लोक हसले. विल्फ उठेना. मग मी दोन्ही काठ्यांनी बारीक कडकडाट धरला, सर्कशीत झुलेवाला उडी मारण्याआधी धरतात तसा. बँडमास्तर डोळे वटारत होता. वटारू दे म्हटलं.

विल्फने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला उमगलं. त्याने एक कोपर टेकलं, मी टिंग केलं. एक गुडघा, टिंग. उभा राहून त्याने फुटकी बशी रुबाबात गिऱ्हाइकापुढे ठेवली. लोकांनी स्टुडिओ डोक्यावर घेतला.

निर्माता धावतच आला. "काय उठलात हो! पुढचं अख्खं वर्ष तुमचं, मिस्टर टॅटरसॉल. फक्त दर शनिवारी अस्संच उठायचं!"

"त्यात काय मोठं!" विल्फ ऐटीत म्हणाला.

खोलीत येऊन त्याने दार लावलं आणि तो खुर्चीत बसला. बुटापर्यंत हात पोचेना. मी खाली बसून नाडी सोडली. घोटा टम्म सुजला होता. मला रडू येत होतं.

"स्टॅन," तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी कडकडाट जरा लांबव हं."

"किती?"

"मी उठेपर्यंत."