मास्तरीणबाईंचा बाक

१९७४ साली आमच्या चर्चमधले सगळे बाक बाहेर निघाले आणि एकच परत आत आला. मित्रांनो, तो बाक म्हणजे मी.

माझा जन्म त्याच्याही शंभरेक वर्षं आधीचा. नदीवरचा लाकडी पूल मोडून लोखंडी बांधला, तेव्हा जुन्या तुळयांमधून सुतारांनी आम्हा भावंडांना घडवलं. चर्च तेव्हाही म्हातारंच होतं. आधी बाजारामागची एक दगडी खोली, मग शहर वाढलं तसा मनोरा, मग उजवीकडची बाजू आणि तिथे ऑर्गन. मला त्या ऑर्गनशेजारी जमिनीच्या फळ्यांना स्क्रूने पक्कं बसवलं. पुराच्या वर्षी माझ्यावर माणसं झोपली. एका लग्नात नवरदेवाचा धाकटा भाऊ माझ्यावर बसून रडला. का, ते त्याने सांगितलं नाही. पोरांनी खिळ्याने माझ्या पाठीवर अक्षरं कोरली. शाबासकी कुणी दिली नाही, पण मला जागेवरून हलवलंही नाही. बाकाला आणखी काय हवं?

दर रविवारी माझ्यावर मास्तरीणबाई बसत. त्यांचे यजमान ऑर्गन वाजवायचे, म्हणून ते मास्तर आणि या मास्तरीणबाई. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तापात त्यांचे दोन्ही कान गेले. माणसांचं बोलणं त्या ओठांवरून ओळखत, पण ऑर्गनला ओठ कुठले? त्यांनी आपली वाट शोधली. ऑर्गन आणि मी एकाच लाकडी जमिनीवर उभे होतो. मोठ्या नळ्या घुमल्या की फळ्या थरथरत आणि ती थरथर माझ्या पायांतून वर चढे. बाई माझ्या हातावर तळवा ठेवून डोळे मिटत. सूर नाही, पण ताल, जोर, कुठे घसरलं, सगळं त्यांना कळे.

प्रार्थना संपली की मास्तर माझ्यावर टेकत. "कसं झालं गं?"

"तिसऱ्या गाण्यात डुलकी लागली होती का हो?" बाईंना आपला आवाज किती मोठा ते कळत नसे. मागच्या रांगा खुदखुदत.

मग जमिनीला वाळवी लागली. एक दिवस फळी मोडून खुद्द फादरांचाच पाय आत गेला. त्यांनी सभा बोलावली. आर्किटेक्ट तरुण मुलगी होती. तिने नकाशा मांडला: दगडी जमीन, वेदी मधोमध, भोवती हलक्या खुर्च्या, म्हणजे आठवडाभर तिथे मुलांचे वर्गही भरवता येतील. चांगलंच होतं सगळं. मी नाकारत नाही.

मास्तर बोलायला उठले. बाईंनी कोट ओढून त्यांना खाली बसवलं. "मला ऑर्गन कळावा म्हणून सगळ्यांनी खड्ड्यात पाय घालायचे का?" त्या कुजबुजल्या. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजल्या. अख्ख्या सभेने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट येऊन माझ्यावर बसली. बाईंनी तिचा तळवा उचलून माझ्या हातावर दाबला. "इथे ठेव, पोरी. आणि बोलू नकोस." मास्तरांनी वाजवलं. ती बराच वेळ उठली नाही. मग तिने नकाशात ऑर्गनखाली लाकडी चौथरा काढला आणि त्यावर मला जागा ठेवली.

काम वर्षभर चाललं. माझी काही भावंडं शाळेत गेली, एक न्हाव्याच्या दुकानात, काही सरपणात. मला पॉलिश करून आणलं.

पहिल्या रविवारी मजाच झाली. लोकांनी सवयीने खुर्च्या उचलून पुन्हा जुनी वेदी होती त्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या आणि बसले. मागून फादर म्हणाले, "मंडळी, मी इकडे आहे."

मास्तरांनी वाजवायला सुरुवात केली. बाईंनी तळवा ठेवला. मी वाट पाहत राहिलो. काहीच आलं नाही. त्यांनी तळवा सरकवला, दाबला, पाठीवर ठेवून पाहिला. मग हात मांडीवर घेतला.

"कसं झालं गं?" मास्तरांनी विचारलं.

"छान झालं."

मास्तरांचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते. गुडघ्यांवर बसून त्यांनी माझ्या पायांशी चाचपलं आणि हाक मारली, "अहो आर्किटेक्टबाई, याला बूट कुणी घातले?"

नव्या जमिनीवर चरे पडू नयेत म्हणून तिने सगळ्या खुर्च्यांना रबराच्या टिकल्या लावल्या होत्या, आणि त्याच ओघात मलाही. थरथर त्या रबरातच मरत होती. ती लालबुंद झाली. "माझ्या लक्षातच आलं नाही हो." तिने स्वतःच टिकल्या उपटल्या आणि मला फळ्यांना स्क्रूने आवळलं. निघालेले लोक दारात थांबले. मास्तरांनी शेवटचं गाणं पुन्हा वाजवलं.

बाईंचा तळवा माझ्यावर होता. कडव्याच्या मध्येच त्या म्हणाल्या, "केवढी घाई! गाडी चुकतेय का तुमची?"

मास्तर हसले ते चार सूर चुकवूनच.

फादरांची पुढे दुसऱ्या शहरात बदली झाली. आर्किटेक्टने वाचनालयं बांधली, एक दवाखाना बांधला. मास्तर काही वर्षांनी गेले. त्यांच्या जागी त्यांची विद्यार्थिनी आली. बाईंनी तिलाही सोडलं नाही. ती रडकुंडीला येई, पण हात सुधारला. बाई अखेरपर्यंत काठी टेकत येत राहिल्या. आता माझ्यावर कुणीही बसतं.

मित्रांनो, जुनं सगळं जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. वाळवीने खाल्लेल्या जमिनीवर मीच उभा होतो. पण एखादी वस्तू हलवण्याआधी ती कुणाच्या काय कामाची आहे ते विचारा. विचारून कळलं नाही, तर त्या माणसाशेजारी थोडा वेळ बसा.