बिजलीचा फोटो

"ओढनी बाजूले करा ना दादा. तिचं तोंड नीट दिसू द्या," मानीबाई पुन्हा म्हणाली.

"राहू द्या माय. तिच्यानंच त फोटोले उठाव येते," सदाशिवराव कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालूनच बोलले.

सदाशिवराव म्हणजे दारव्ह्याचे फोटोवाले. अठ्ठावन्न सालच्या वैशाखात त्यांना बोरी अरबजवळच्या तांड्यावर घाईनं बोलावून आणलं होतं. मानीबाईची एकुलती एक लेक बिजली तापानं पहाटेच गेली. लग्न ठरलेली पोर! जिवंतपणी तिचा एकही फोटो निघाला नव्हता. मातीला न्यायच्या आधी एक तरी निघावा, असा मानीबाईनं हट्टच धरला आणि अख्ख्या तांड्याला ताटकळत ठेवलं.

सदाशिवराव माणूस वाईट नव्हते हो, पण फोटोचं वेड भारी. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. नवख्याला गरगरतं. यांना तेच आवडायचं. उलट्या चित्रात नाकडोळे मध्येमध्ये करत नाहीत, नुसत्या रेषा आणि ऊनसावली दिसते, म्हणायचे. इथेही त्यांनी तिला निजवलेली बाज तिरकी करवली, पाठीमागे कुडाच्या उभ्या काड्या येतील असं पाहिलं आणि बिजलीनं स्वतःच्या लग्नासाठी भरलेली आरशांची ओढणी तिच्या गालाशी पसरली. काय जमलं होतं ते चित्र! समोर मेलेली पोर आहे, हेही ते घडीभर विसरले.

प्लेट बसवली, भिंगाचं झाकण काढलं, आणि नेमका वारा सुटला. ओढणीचं एक टोक हललं.

घरी येऊन सदाशिवरावांनी प्लेट धुतली, कागदावर फोटो उतरवला. कुडाची काडी न् काडी आली होती, ओढणीचा टाका न् टाका आला होता. चेहऱ्याच्या जागी मात्र आरशांवरून उसळलेल्या उन्हाचा पांढराफटक डाग!

पेन्सिलीनं नाकडोळे काढून देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पेन्सिल घेऊन बसलेही. पण नाक कसं होतं? हनुवटीवर गोंदण होतं का? काही केल्या आठवेना. त्या पोरीकडे त्यांनी सुलट असं पाहिलंच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी मानीबाई दारव्ह्याला त्यांच्याकडे आली. तिनं फोटो हातात घेतला, दाराशी उजेडात नेला, फिरवून फिरवून पाहिला.

"दादा, याच्यात बिजली कुठी आहे?"

"चुकलं माय माह्यं. तुमी सांगतलं होतं, म्या आयकलं नाही. तोंड कसं होतं ते सांगा, मी हातानं काढून देतो."

मानीबाईनं डोळे मिटले. "नाक..." म्हणाली आणि थांबली. किती तरी वेळ तिचे ओठ नुसतेच हलले. मग ती चवताळून म्हणाली, "मले असं सांगता आलं असतं, त तुमाले कायले बोलावलं असतं?"

सदाशिवरावांनी फोटो तिच्या हातून परत घेतला.

ती आपणहून कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. पदरानं तोंड पुसलं. "समदे म्हनत, पोरगी माह्यावरच गेली. माहाच फोटो काढा आता."

त्यांनी मान वळवायला सांगितलं नाही, मागे पडदाही लावला नाही. रडून रडून सुजलेल्या त्या चेहऱ्याकडे ते पाहत राहिले.

"दिसते का माहं तोंड तिच्यासारखं?" तिनं विचारलं.

सदाशिवरावांना सांगता येईना.