बिगुलावरचा पांढरा थर

माझ्या बाबांचा, देवमनचा, पितळी बिगुल दहा वर्षं खुंटीला टांगलेला होता आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्यावर पॉलिश वाळून चुन्यासारखं पांढरं झालं होतं. छप्पन सालचा दसरा तोंडावर आला, आमच्या अंजनगावात पाटलाच्या सीमोल्लंघनापुढे वाजवायचं, म्हणून बाबांनी ते पॉलिश लावलं. पुसायच्या आत माणसं नागपूरला निघाली. बाबाही निघाले. दीक्षा घेऊन आले ते "आता गावकीचं वाजवनं बंद" म्हणतच. बिगुल तसाच राहिला. मग आम्ही अकोल्याला आलो, बाबा जिनिंगमध्ये लागले, आणि कापसाची धूळ त्यांच्या छातीत बसत गेली.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी स्वतःच बिगुल उतरवला.

"शकुनच्या लग्नात मी वाजवीन. कोनाच्या हुकमानं नाई, माह्या मनानं."

त्यांचा फुललेला चेहरा पाहून मला धडकीच भरली. आईला म्हटलं, "त्यायच्यात दम कुठी हाये? चारचौघात फजिती होईन."

"तोंड सांभाळ," आई म्हणाली. मनकर्णा नाव तिचं. तिच्या हट्टापुढे कोणाचं चाललंय! साबणाच्या ऊन पाण्याने थर निघेना. मग काडीला चिंधी गुंडाळून तिने पितळेवर कोरलेल्या वेलबुट्टीतला हिरवट-पांढरा मळ उकरला, वरून चिंच चोळली. तारेला कापड बांधून नळीतून ओढलं. शेवटी आत ओतलेलं पाणी नितळ बाहेर आलं. मी स्वतः पाहिलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात बाबांनी बिगुल ओठांना लावला. नुसती हवा आली. पुन्हा गाल फुगवले. या वेळी खोकला आला, आणि तो थांबेचना. पाहुणे वळून पाहू लागले. माझा जीव तुटला. आपलं म्हणणं खरं झालं याचाच राग आला.

बाबांनी बिगुलात डोकावून पाहिलं. "मनकर्णे, अंदर मळ रायला वं."

आईने तो हातात घेतला. "रायला असन," ती म्हणाली. "दहा वर्साचा मळ, सुखासुखी निंघते का? तुमी बसा."

आणि ते लखलखीत पितळ घेऊन ती पुन्हा घासायला बसली. "शकुन, चिंच आन."

आईचं कुठलंही काम मी वाद घातल्याशिवाय केलं नव्हतं. त्या दिवशी मुकाट्याने उठले आणि मूठभर चिंच भिजत घातली.