जांभळाची वाईन आणि मूठभर साखर

दर्पणशेठने पहिला घोट घेतला आणि भाविकाचा जीव टांगणीला लागला.

पाम गावातल्या त्या अंगणात आज मागची जांभळाची वाडी राहणार की जाणार, ते ठरायचं होतं. पालघरच्या या हॉटेलवाल्याने भाविकाची वाईन घ्यायचं कबूल केलं तर झाडं वाचली. नाहीतर तिच्या नवऱ्याने, मितेशने, बोईसरच्या एका गोदामवाल्याला शब्द देऊन ठेवला होता: झाडं तोडायची, जागा सपाट करायची. त्याचा फोन आज केव्हाही येणार होता. मितेश मोबाईल मांडीवर घेऊन बसला होता, जावई रुसून बसावा तसा.

भाविकाने कसर ठेवली नव्हती. झाडांना नुसतं शेणखत, फवारणीचा थेंब नाही. वाईन तुरट आणि कोरडी, आणि सोबत मुरबे बंदरावरून सकाळी आणलेल्या बोंबलांचं भुजणं, हिरव्या वाटणाचं, चिंच घातलेलं. तिखट घास, मग तुरट घोट, की तोंड पुन्हा घासाला तयार. तिची सगळी भिस्त यावरच. मागच्या सालची शेवटची बाटली सासूबाईंनी, जयवंतीबाईंनी, स्वतः तांब्यात ओतून आणली होती.

"गोड आहे," दर्पण म्हणाला. त्याने बोंबील तोंडात टाकला आणि कपाळाला आठ्या पडल्या. "भुजण्याशी जमतच नाही. आणि तुम्ही तर म्हणाला होता, वरून साखर घालत नाही."

भाविकाने चाखलं. साखर, आणि चमचाभर नव्हे, चांगली मूठभर. तिने सासूकडे पाहिलं. जयवंतीबाई पदराशी चाळा करत होत्या. अगं बाई! या घरात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याचं तोंड आधी गोड करायचं, ही रीत. भाविका नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिच्याही वरणात साखर पडली होती. आता वाईनलाही तीच रीत.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं बोलावं तर सासूची अब्रू जाते, न बोलावं तर वाईन खोटी ठरते.

"ही साखर वाईनची नाही," ती म्हणाली. "पण घातली गेली. दुसरी बाटली नाही. पिंपात यंदाची आहे, ती कच्ची. चैत्राशिवाय तयार व्हायची नाही."

"मीच घातली," जयवंतीबाई म्हणाल्या. "पयल्यांदा आलेल्या पावन्याचं तोंड तुरट कशाला करायचं, म्हटलं."

दर्पणने पिंपातली मागितली. पहिल्या घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं. मग भुजण्याचा घास, मग पुन्हा घोट, पुन्हा घास.

"कच्चीच आहे," तो उठत म्हणाला. "पण या बोंबलांशी जमतेय. चैत्रात येतो. आज मात्र हो म्हणत नाही."

त्याची गाडी वळली न वळली तोच मितेशचा फोन वाजला.

"गोदामवाला चैत्रापर्यंत थांबायचा नाही," मितेश म्हणाला. भाविकाचे डोळे भरून आले.

जयवंतीबाईंनी मुलाचा हात धरला. "चूक माजी हाय. तिची नाय, झाडांची तर नायच. तुज्या बापाने लावलीत ती."

फोन वाजत राहिला. मितेशने वाडीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि फोन कापला.

"चैत्रात," तो म्हणाला, "साखरेचा डबा माझ्या ताब्यात."