लाल पट्टी नसलेली नक्कल

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. लाकडाची नव्हे हो. इस्पितळाच्या संगणकावर रुग्णाचे नाव, वय, रक्तगट दाखवणारी, वीस-पंचवीस ओळींच्या कोडची. एका प्रोग्रामर ताईने मला लिहिले. ज्या पानाने हाक मारावी, त्याने आपला रुग्ण माझ्या हाती द्यावा, की मी त्याचे नाव लावून तिथे उभी! सतरा पाने मला बोलवत. "एकदाच लिहायचं, सगळीकडे बोलवायचं," ताई म्हणायची. मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला सांगू?

पुढे ताई दुसऱ्या कामावर गेली आणि एक घिसाडघाईवाला आला. अपघात विभागाचे नवे पान त्याला संध्याकाळच्या आत उरकायचे होते. मला बोलवायला एक ओळ पुरली असती. ती शोधायचाही त्याला कंटाळा. त्याने माझी नक्कल उतरवली, तिचे हातपाय छाटले आणि तिथे चिकटवली.

"चालतंय ना? मग झालं," म्हणाला.

महिन्याभराने डॉक्टरांनी सांगितले, रुग्णाला कशाची अ‍ॅलर्जी असेल तर लाल पट्टी दिसू द्या. घाईवाल्याने ती माझ्यात घातली. सतराही पानांवर पट्टी आली. नक्कल त्याच्या डोक्यातूनच गेली होती.

एका दुपारी कारखान्याच्या फाटकाशी मारामारी झाली. एका वेल्डरच्या पोटात कुणीतरी सुरा खुपसला. थोरल्या भावाने त्याला खांद्यावर टाकून आणले, तेव्हा दारापासून टेबलापर्यंत रक्ताचा माग होता. डॉक्टरांनी रक्त थांबवले, टाके घातले. सिस्टरने अपघात विभागाच्या पानावर त्याची जुनी नोंद उघडली.

"सिस्टर, लाल पट्टी आहे का?"

"नाही, डॉक्टर."

"मग इंजेक्शन द्या."

त्याचा घसा आवळला. चेहरा सुजला, तो इतका तडफडला की टाके तटातट तुटले. सुऱ्याच्या वारातून वाचलेला माणूस सुईने गेला. भावाने स्टूल उचलून स्क्रीन फोडला, मग नर्सचे मनगट मोडले. "तू मारलंस त्याला," तो म्हणत राहिला.

ताईला बोलावून घेतले. तिने नक्कल पुसली, मला बोलवायची ओळ लिहिली. घाईवाला मागे उभा होता.

"एवढी एकच ओळ होती रे," ती म्हणाली.

मित्रांनो, मी जुनी झाले असेन तर खुशाल पुसून टाका. पण ठेवलेत, तर हाक मारा. नकला करून इकडेतिकडे टाकू नका. वेल्डरचे नाव त्याच दुपारी माझ्याकडेही आले होते. मृत्यूच्या दाखल्याचे पान मला बोलवते ना. मी ते दाखवले, लाल पट्टीसकट.